नभोवाणी निवेदक (ग्रामीण विदर्भ)

नभोवाणी केंद्रावरून कार्यक्रमांची उद्घोषणा करणारी, दोन कार्यक्रमांमधला दुवा सांधणारी, श्रोत्यांची पत्रे वाचणारी वा दूरध्वनीवर त्यांच्याशी बोलणारी व्यक्ती. नागपूर शहर वगळता विदर्भात हे काम मुख्यतः आकाशवाणीच्या अकोला, यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्हास्तरीय केंद्रांवर चालते. त्याला अलीकडे सामुदायिक (स्थानिक संस्थांनी चालविलेल्या) केंद्रांची जोड मिळाली आहे. पूर्णवेळ पगारी निवेदक या भागात पूर्वीही थोडे होते, आता त्याहून थोडे आहेत.

आरंभ : आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असल्याने केंद्राला मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा सांभाळाव्या लागल्या. ग्रामीण निवेदनाची सुरुवात याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांपासून धरण्याचा प्रघात आहे. दुसऱ्या मतानुसार ती स्थानिक केंद्रांपासून धरावी. देशातील पहिले स्थानिक केंद्र ३० ऑक्टोबर १९८४ रोजी नागरकोइल येथे सुरू झाले आणि विदर्भातील जिल्हा केंद्रे त्यानंतर, ढोबळमानाने नव्वदच्या दशकाच्या आगेमागे उभी राहिली. कार्यक्रमांचा इतिहास लिहायचा तर पहिले मत पुरेसे आहे. रोजगाराच्या दृष्टीने मात्र दुसरे अधिक ग्राह्य वाटते, कारण नागपूरच्या काळात दारव्हा (जि. यवतमाळ) किंवा मूल (जि. चंद्रपूर) येथील माणूस ध्वनिक्षेपकासमोर आला तरी तो पाहुणा शेतकरी किंवा वक्ता म्हणून. निवेदकाची खुर्ची नागपुरात राहणाऱ्याचीच होती.

या संदर्भात १९५६ च्या शेतकरी श्रोतामंडळांच्या (एकत्र रेडिओ ऐकून चर्चा करणाऱ्या गटांच्या) प्रयोगाचाही दाखला दिला जातो. युनेस्कोच्या साहाय्याने १५० खेड्यांत झालेला तो प्रयोग पुणे केंद्राच्या प्रक्षेपणक्षेत्रातील होता. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे वैदर्भीय निवेदनाच्या इतिहासात त्या प्रयोगाला थेट स्थान नाही. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या. खेड्यापाड्यांतील निवेदकाच्या मिळकतीशी त्याचाही फारसा संबंध आला नाही.

सेवास्वरूप : आकाशवाणीत निवेदक प्रारंभी सरकारी नोकर नव्हते. त्यांना ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणून मुदतीच्या करारावर घेत आणि वेतनाऐवजी ‘फी’ देत. कराराचे नूतनीकरण होत गेल्याने नोकरी व्यवहारात कायमसारखी चाले, पण निवृत्तिवेतन आणि पदोन्नती यांबाबत तिची स्थिती धूसर राहिली. १९८२ च्या निर्णयाने पात्र स्टाफ आर्टिस्टना सरकारी सेवेत सामावून घेण्याचा मार्ग खुला झाला. पुढे १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशवाणीचा स्टाफ आर्टिस्ट हा नागरी पदधारक असून त्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे (मनमानी बडतर्फीविरुद्धचे) संरक्षण आहे, असे ठरविले. काही लेखनात ही दोन वर्षे एकच समजली गेली आहेत. पहिले वर्ष शासकीय निर्णयाचे, दुसरे न्यायनिर्णयाचे. नियमित निवेदकांची श्रेणीरचना (चौथी श्रेणी ते पहिली) व वेतन केंद्रीय वेतन आयोगांशी बांधलेले असून २३ नोव्हेंबर १९९७ रोजी प्रसार भारती हे आकाशवाणी-दूरदर्शनचे स्वायत्त महामंडळ अस्तित्वात आल्यावरही ते सूत्र टिकले.

जिल्हा केंद्रांवरचा बराचसा आवाज मात्र या श्रेणींबाहेरचा आहे. तो नैमित्तिक निवेदकांचा, म्हणजे केंद्रावरच्या बोलीत ‘कॅज्युअल’चा. स्वरचाचणी उत्तीर्ण झालेल्यांची सूची केंद्र ठेवते आणि तीतून पाळीपाळीने ‘ड्यूटी’ देते. एका व्यक्तीस महिन्यात सहांपेक्षा अधिक ड्यूट्या द्यायच्या नाहीत, असा दंडक आहे, म्हणजे वर्षाला फार तर ७२. मानधन ड्यूटीगणिक मिळते. महागाई भत्ता, पगारी रजा, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काही नाही. ही मर्यादा अनेकांना संधी मिळावी म्हणून घातली, असे एक समर्थन आहे. सेवेत नियमित होण्याचा हक्क निर्माण होऊ नये म्हणून ती घातली, हा नैमित्तिकांचा आक्षेप. न्यायाधिकरणांपुढील दाव्यांचा क्रम पाहता आक्षेपात तथ्य दिसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १० एप्रिल २००६ च्या उमादेवी निर्णयानंतर रीतसर निवड न झालेल्यांचे नियमितीकरण एकंदरीतच अवघड झाले.

महिन्याला सहा दिवसांच्या कामावर घर चालत नाही. म्हणून नैमित्तिक निवेदक हा बहुधा आधी शिक्षक, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, विमा प्रतिनिधी, गृहिणी किंवा विद्यार्थी असतो आणि मग निवेदक. ओळख रेडिओवर मिळते, पैसा बाहेर मिळतो : लग्नसमारंभ, शासकीय मेळावे, दिवाळीनंतरची पूर्व विदर्भातील मंडई (गावजत्रा), शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) धावते समालोचन. शंकरपटाची मिळकत ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने थांबली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. तळेगाव दशासरसारख्या पटांत माइकवरच्या माणसाला जो भाव आहे, तो स्टुडिओत नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

सामाजिक घडण : राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात (२०१५) निवेदकांचा संकेतांक २६५६ आहे. २००४ च्या वर्गीकरणात ते तिसऱ्या मुख्य गटात, सहयोगी व्यावसायिकांत होते. २०१५ मध्ये दुसऱ्या गटात, व्यावसायिकांत गेले. कागदोपत्री ही बढतीच. श्रमबल सर्वेक्षणात व्यवसाय तीन अंकांपर्यंतच नोंदला जात असल्याने निवेदक २६५ या गटात नट, गायक, नर्तकांबरोबर मिसळून जातात. शिवाय जो मुख्य व्यवसाय शिक्षकी सांगतो, तो या गटातही येत नाही.

घडणीवर दोन गोष्टींचा प्रभाव स्पष्ट आहे. पहिली, वेळ. पहिली सभा (प्रक्षेपणाचे सत्र) सकाळी सहाच्या आत संकेतधून आणि ‘वंदे मातरम्’ने सुरू होते, रात्रीची सभा अकराच्या सुमारास संपते. या दोन्ही वेळांना तालुक्याची एसटी मिळत नाही. परिणामी ‘ग्रामीण’ निवेदक बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी राहणारा असतो. स्त्रियांची संख्या लक्षणीय असली तरी पहाटेच्या व रात्रीच्या ड्यूट्यांना त्यांची अडचण होते, आणि ती बहुतांशी वाहनाची असते, आवाजाची नव्हे.

दुसरी गोष्ट उच्चार. स्वरचाचणीचे माप प्रमाण मराठीचे आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो (शाळा–शाया), पूर्व विदर्भातील झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ हे दोन्ही वर्ण नाहीत. बातम्या व उद्घोषणांच्या वाचनात हे दोष धरले जातात. शेती व ग्रामीण कार्यक्रमांच्या संवादांत मात्र तेच हवे असतात. फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या आकाशवाणीच्या ‘किसानवाणी’ या शेतीविषयक कार्यक्रमाने बोलीभाषक निवेदकाला काही जागा दिली. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी व माडिया भाषकांपुढे अडथळा दुहेरी आहे, कारण त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा.

सामुदायिक व खासगी केंद्रे : १६ नोव्हेंबर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक केंद्रे काढता येऊ लागली. येथील निवेदक बहुधा गावातलाच, अल्प मानधनावरचा किंवा विनामोबदला काम करणारा. जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटे होती. फेब्रुवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती १२ मिनिटांपर्यंत आली आणि सरकारी जाहिरातींचा दर १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. पूर्ण वेळ विकला गेला तर तासाला ५,३२८ रुपये होतात, पण तितक्या जाहिराती ग्रामीण केंद्राला मिळत नाहीत. खासगी एफएम मुख्यतः नागपूर, अकोला अशा मोठ्या शहरांत राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली, तीत विदर्भातील अचलपूर, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ आणि वर्धा ही नावे आहेत.