होस्टिंग कंपनी आणि ‘मध्यवर्ती’ शब्दाचा घोळ

निपाणीकडच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने तक्रारीची कन्नड प्रत दाखवली. ट्रॅक्टर-कर्जाच्या बनावट संकेतस्थळावर त्याने ‘प्रक्रिया शुल्क’ भरलं होतं. प्रतीत ‘मध्यवर्ती’ हा शब्द आला आणि घरच्यांना वाटलं, बेंगळुरूचं मुख्य कार्यालय असेल. आपण तो शब्द बसस्थानकाला लावतो. कन्नडात मध्यवर्ती म्हणजे मधला माणूस, दलाल. इथे तो होता संकेतस्थळाला सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीसाठी. मराठीतला ‘मध्यस्थ’ही तितकाच फसवा. मध्यस्थ भांडण मिटवतो. ही कंपनी भाडं घेते.

२००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा कंपन्यांना ग्राहकांच्या मजकुराच्या जबाबदारीतून संरक्षण दिलं, २००८ च्या दुरुस्तीने व्याख्येत वेब होस्टिंगचा स्पष्ट उल्लेख आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका होस्टिंग कंपनीची जोडणी तोडताच जगभरातला स्पॅम निम्म्याहून जास्त घटला. भाडेकरू कोण, हे घरमालकाला कळत नाही असं म्हणायला त्यानंतर जागा उरली नव्हती.

आपल्याकडे मात्र गाडी उलट्या दिशेने गेली. २०११ च्या नियमांनुसार बाधित माणसाने स्वतः लिहून कळवलं तरी कंपनीला ३६ तासांत हालचाल करावी लागे. मार्च २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द झालं, ते सगळ्यांना आठवतं आणि ते योग्यच होतं. पण त्याच निकालात कंपन्यांना ते संरक्षण देणाऱ्या कलम ७९ चा अर्थ आवळला गेला: कंपनीला ‘माहिती मिळाली’ असं न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना पोहोचल्यावरच धरायचं. खासगी तक्रारीवर मजकूर उतरवू लागले तर कोणाचंही तोंड बंद करता येईल, ही भीती खरी होती. तरीही लेख आणि लुबाडणुकीचं दुकान एकाच मापाने मोजलं गेलं, आणि त्याची किंमत फसवला गेलेला माणूस मोजतो आहे.

२०२१ च्या नियमांत ३६ तास राहिले, पण ते आदेश किंवा सूचना पोहोचल्यापासून; फेब्रुवारी २०२६ मध्ये त्यांचे तीन तास झाले. १५ नोव्हेंबर २०२५ पासून पोलिसांकडून अशी सूचना द्यायला उपमहानिरीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. तालुक्याच्या ठाण्यातून कागद वर चढेपर्यंत तेच पान दुसऱ्या नावाने दुसऱ्या सर्व्हरवर उभं राहतं.

सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या (सर्ट-इन) एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी मात्र सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता आणि जागा घेण्याचं कारण पाच वर्षं जपायला लावलं. निपाणीच्या त्या तक्रारीत बँक खात्याचा क्रमांक आहे. ती जागा कोणी भाड्याने घेतली होती, तो रकाना कोरा आहे.