'कधी' की 'नेहमी'? समीकरण आणि नित्यसमानता

इंदूरच्या मराठी घरांत बीजगणित दोन भाषांतून येतं. आजी म्हणते नित्यसमानता, नातवाच्या हिंदी पुस्तकात असते सर्वसमिका. नावाचा हा गोंधळ किरकोळ आहे. खरी गडबड '=' या चिन्हाची. १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाने ते छापलं, कारण दोन समांतर रेघांइतकं सारखं त्याला दुसरं काही दिसेना. आज ते एकच चिन्ह दोन कामं करतं.

२क्ष + २० = ८०. दोन प्लेट पोहे, वीसची जिलेबी, बिल ऐंशी. पोहे तीस रुपये प्लेट असतील तरच हे खरं. हे झालं समीकरण.

(अ + ब)² = अ² + २अब + ब². इथे शोधायचं काहीच नाही. कुठल्याही संख्या घाला, दोन्ही बाजू जुळणारच. ही नित्यसमानता.

शेजारचा आठवीतला मुलगा माझ्याकडे गणिताला बसतो. त्याने बेधडक लिहिलं, (अ + ब)² = अ² + ब². ओट्यावर नारळाच्या वडीचं चौकोनी ताट होतं, सात बोटं लांब, सात रुंद. तीन बोटांवर एक उभी सुरी फिरवली, तीनवरच एक आडवी. एक मोठा चौरस, एक छोटा, आणि दोन लांबट तुकडे.

"तुझ्या उत्तरात हे लांबट दोन कुठे गेले?"

४९ पैकी त्याच्याकडे १६ आणि ९ मिळून २५ होते. उरलेले २४ त्या दोघांत, बारा-बारा.

"म्हणजे माझं कधीच खरं नाही, काकू?"

असतं की! अ किंवा ब शून्य असेल तर. म्हणजे पोराने समीकरण लिहिलं होतं आणि नित्यसमानता समजून वापरलं होतं. याला नुसती लाल फुली मारणं मला अन्यायच वाटतो.

संख्या घालून पाहतानाही मुलं अशीच फसतात. क्ष² = २क्ष मध्ये २ घातले, ४ = ४ आलं, की 'नेहमी खरं' म्हणून खूश. शून्यालाही जमतं. तीन घाला, ९ आणि ६. एक-दोन उदाहरणं जुळल्याने काही सिद्ध होत नाही, मोडायला मात्र एक पुरतं.

शाळेत एका धड्यात 'सोडवा', दुसऱ्यात 'सूत्रं पाठ करा'. मी दोन्ही एकाच कागदावर मिसळून देते. सोडवायचं नाही, फक्त 'कधी' किंवा 'नेहमी' या रकान्यात खूण करायची. काल त्यात क्ष + १ = क्ष घातलं. बराच वेळ पेन्सिल चावून झाली, मग त्याने पट्टी मागितली आणि तिसरा रकाना आखला.