आकडा ६८च, तेले मात्र दोन: लेथसाठी हायड्रॉलिक ऑइल आणि स्लाइडवे ऑइल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईतल्या रबाळे-महापे पट्ट्यात तेलाच्या दुकानात जाऊन ‘लेथसाठी (धातूचा तुकडा फिरवून कातणाऱ्या यंत्रासाठी) ६८ नंबरचे तेल द्या’ एवढेच सांगितले, तर हाती येणारा डबा हायड्रॉलिक ऑइलचा (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणांच्या तेलाचा) असू शकतो किंवा स्लाइडवे ऑइलचा (यंत्राच्या सरकत्या पृष्ठभागांच्या तेलाचा), कारण ६८ हा आकडा दोन्हींवर सारखाच छापलेला असतो. इंडियन ऑइलचे सर्वोसिस्टम ६८ हे हायड्रॉलिक वर्गातले आणि सर्वोवे ६८ हे स्लाइडवे वर्गातले तेल आहे. नावे इतकी जवळची असल्यावर गल्लत झाली, तर दोष एकट्या टर्नरला, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराला, देता येत नाही.

हा आकडा फक्त तेलाचा दाटपणा सांगतो: ४० अंश सेल्सिअस तापमानाला ६८ सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), त्यात १० टक्के कमी-अधिक. तेलात कोणती रसायने मिसळली आहेत, हे त्यातून कळत नाही आणि या दोन तेलांतला खरा फरक तिथेच आहे.

हेडस्टॉकमध्ये, म्हणजे जॉब (कातायचा तुकडा) फिरवणाऱ्या लेथच्या डोक्यात, गिअर आणि बेअरिंग सतत वेगाने फिरत असतात. तिथल्या तेलाने फेस धरू नये, आत शिरलेली हवा लवकर सोडावी, उष्णता वाहून न्यावी आणि झीज रोखावी. हायड्रॉलिक ऑइल या कामाला योग्य ठरते; मात्र दाटपणा ३२, ४६ की ६८ हवा, हे मशीनवरच्या पाटीवरून किंवा पुस्तिकेवरूनच ठरवावे.

बेडची, म्हणजे लेथच्या लांब बिडाच्या पायाची, गरज याच्या उलट आहे. कापायचे हत्यार वाहून नेणारी सॅडल बेडवरून अतिशय हळू सरकते, मध्येच थांबते, पुन्हा निघते. थांबलेल्या अवस्थेत तिच्या वजनाने दोन पृष्ठभागांमधले तेल बाहेर दाबले जाते आणि स्थिर घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असल्यामुळे ती आधी अडते व मग झटक्याने पुढे जाते. बारीक फीडवर (हत्यार अगदी हळू पुढे सरकत असताना) हा झटका जॉबच्या फिनिशवर उमटतो, आणि क्रॉस स्लाइडवर (हत्यार आडवे सरकवणाऱ्या भागावर) शेवटचे एक-दोन शतांश मिलिमीटर गाठताना कारागिराचा हात वारंवार चुकतो. स्लाइडवे ऑइलमध्ये घर्षणातला हा फरक कमी करणारी आणि तेलाला चिकटपणा देणारी रसायने असतात, त्यामुळे तेलाचा थर बिडाच्या पृष्ठभागाला धरून राहतो. कूलंटच्या (कातताना थंडावा देणाऱ्या द्रवाच्या) धारेनेही तो सहज धुऊन जात नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत दोन दिवस बंद राहिलेल्या मशीनच्या बेडवर तेलाचा थर टिकून असणे किती मोलाचे आहे, हे इथल्या वर्कशॉपवाल्यांना वेगळे सांगायला नको.

अदलाबदल झाली तर दोन्ही बाजूंचे नुकसान सारखे नसते. बेडवर हायड्रॉलिक ऑइल घातले तर ते लवकर ओघळते आणि कूलंटबरोबर वाहून जाते. साध्या हाताच्या लेथवर पाळीतून दोन-तीनदा तेलाची कुपी फिरवण्याची तयारी असेल, तर तेवढ्यावर काम निभावते. पण स्लाइडवे ऑइल हेडस्टॉकमध्ये ओतणे मला अधिक घातक वाटते, कारण चिकटपणा देणारी रसायने वेगाने घुसळली की फेस वाढू शकतो आणि बारीक फिल्टर असेल तर तो चोंदू शकतो. त्यामुळे एकाच तेलावर भागवायचे असेल, तर हायड्रॉलिक ऑइल निवडावे.

मोटारीचे इंजिन ऑइल मात्र दोन्ही ठिकाणी टाळावे. त्यातली डिटर्जंट रसायने मळ आणि पाणी तेलातच तरंगत ठेवतात. इंजिनला फिल्टर असतो म्हणून तिथे ते चालते, साध्या लेथच्या हेडस्टॉकमध्ये बहुधा तो नसतो.

एप्रनच्या, म्हणजे सॅडलच्या पुढे खाली लटकणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, बाबतीत एक अपवाद लक्षात घ्यावा लागतो. काही लेथमध्ये एप्रनमधलाच हातपंप बेडला तेल पुरवतो. अशा मशीनवर एप्रनच्या टाकीत स्लाइडवे ऑइल भरावे, हेडस्टॉकमध्ये हायड्रॉलिक ऑइल ठेवावे, आणि तेलाच्या कुप्यांवर नुसते ‘६८’ न लिहिता ‘बेड’ व ‘हेडस्टॉक’ असे रंगाने लिहून ठेवावे.