पांढरीतली बुजलेली बिळं

विदर्भात जुन्या गावाची पांढरी, म्हणजे वस्तीच्या मातीचा उंचवटा, कुठे कापली गेली, तर तिच्या उभ्या काठात राखेचे, सारवलेल्या जमिनींचे, खापरांचे आडवे थर दिसतात. मध्येच एखादा वाटोळा डाग असतो. त्यातल्या मातीचा रंग शेजारच्या थराशी जुळत नाही, आणि खुरप्याच्या टोकाने खरवडली तर ती भुसभुशीत लागते. हे घुशीचं किंवा उंदराचं बीळ. जनावर गेलं, वरची माती आत ढासळली, पावसापाण्याने बसली. मृदाशास्त्रात याला क्रोटोविना म्हणतात.

हे नाव रशियातून आलं. तिथल्या गवताळ मैदानांतल्या काळ्या मातीवरचा वासिली दोकुचायेव यांचा ग्रंथ १८८३ सालचा. आधुनिक मृदाशास्त्र तिथून उभं राहिलं. त्या मातीत बिळं ठळक उमटतात: खालच्या फिकट थरात काळी भर, वरच्या काळ्या थरात फिकट. १८८१ साली चार्ल्स डार्विन यांनीही गांडुळांवरच्या पुस्तकात दाखवलं होतं, की ती खालची माती वर आणत राहतात आणि जुनी बांधकामं हळूहळू गाडली जातात.

आपली काळी माती मात्र वेगळी. ती बेसाल्ट झिजून झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगा कधी कधी मीटरभरापेक्षा खोल जातात, वरची माती त्यांत पडते, आणि पावसाळ्यात सगळं फुगून एकमेकांवर घासतं. अशा जमिनीत जुन्या बिळाचा आकार टिकणं अवघड. शिवाय बुजलेली भेगही बिळासारखी भासू शकते. भेग खाली निमुळती होत जाते, बिळाची रुंदी बहुधा सारखी राहते. म्हणून जुनी बिळं ओळखायला पांढरी आणि नदीकाठचा गाळ फार मोलाचा.

विदर्भातल्याच टाकळघाट-खापा इथे १९६८-६९ मध्ये उत्खनन झालं, पुढे नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अशा लोहयुगीन वस्त्यांचं वय काढताना कोळसा आणि जळलेले दाणे यांवर मोठी भिस्त असते, आणि घूस तर बिळात धान्य साठवते! शे-दोनशे वर्षांपूर्वीचा दाणा तिच्यामुळे दोन हजार वर्षांच्या थरात जाऊन बसू शकतो. म्हणून बिळातली भर आधी वेगळी उपसायची, तिची पिशवी वेगळी ठेवायची आणि संशय असेल तर थराच्या वयावर न विसंबता त्या दाण्याचंच वय मोजायचं. आता एका दाण्यावरही हे मापन होतं.