परवाना वेगळा, कुलूप वेगळं

‘स्टीमवरचा गेम भाड्याचा, गॉगवरचा गेम स्वतःचा.’ स्टीम आणि गॉग ही संगणकावरचे गेम ऑनलाइन विकणारी दुकानं, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्यानं ‘स्टीमवरचा’ म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करतो. म्हापशाला रॅम घ्यायला गेलो तर काउंटरवरच्या मुलानं हेच ऐकवलं. फोंड्याला मित्राकडे जेवायला बसलो तर फिश करीच्या ताटावरून पुन्हा तेच. वाक्य सुटसुटीत आहे, तोंडात बसतं, आणि दोन्ही टोकांनी चुकीचं आहे.

गेम स्टीमवर पैसे मोजून घ्या, गॉगवर घ्या नाहीतर एपिक या तिसऱ्या दुकानातून गुरुवारी फुकट उचला, तुमच्या पदरात पडतो तो परवाना. गॉगच्या करारनाम्यातसुद्धा शब्द परवाना हाच आहे. मालकी कुणीच विकत नाही. दोन दुकानांत जो फरक आहे तो कुलपाचा. परवाना कागदावर असतो, कुलूप यंत्रात असतं. या कुलपालाच डीआरएम म्हणतात. लोक ‘डीआरएम नाही’ असं वाचतात आणि ‘माझ्या मालकीचं’ असं समजतात. सगळा घोळ तिथे सुरू होतो.

स्टीमची ओळख करून देत बसत नाही. २००३ साली आलं, २०१३ पासून लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर अधिकृतपणे आहे, २०१८ च्या ऑगस्टात स्टीमच्या मालक कंपनीचं, व्हॉल्व्हचं, प्रोटॉन आलं आणि विंडोजचा गेम लिनक्सवर चालवण्यासाठी रात्र जागवायची गरज संपली. गॉग २००८ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्टनं जुन्या गेमांचं दुकान म्हणून काढलं, डीआरएम नाही या एकाच अटीवर. लिनक्सचे गेम तिथे २०१४ पासून मिळतात, पण त्यांचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेम उतरवून चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्सला आजही नाही. हिरोइक किंवा लुट्रिस हे दुसऱ्यांचे लाँचर वापरायचे. गॉगवर भाव डॉलरमध्ये दिसतात, बँक वर आपला चार्ज लावते. पैसे परत हवे असतील तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर, गॉगवर तीस दिवसांच्या आत. झालं. यावर भांडण्यासारखं काही नाही.

आता कुलूप. गोव्यात हे समजावून सांगायला मुंडकारासारखा दाखला नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा तो मुंडकार. जमीन त्याची नव्हे. १९७५ च्या कायद्यानं त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, राहतं घर विकत घ्यायचा हक्कही दिला. त्याआधी बहुतेक सगळं भाटकाराच्या मर्जीवर.

डिजिटल दुकानातला गिऱ्हाईक हा १९७५ च्या आधीचा मुंडकार आहे. आता दोन भाटकार डोळ्यांपुढे आणा. दोघांच्याही कागदावर ‘जमीन तुझी नाही’ असंच लिहिलंय. पण पहिल्यानं वाटेवर फाटक घातलंय, किल्ली स्वतःच्या कमरेला, आणि रोज संध्याकाळी घरी परतताना तुम्ही त्याला हाक मारायची. दुसऱ्यानं फाटकच घातलेलं नाही. कागद दोघांचा सारखा, पण आज रात्री तुम्हाला बाहेर कोण ठेवू शकतो? पहिला. त्याला कोर्टात जावं लागत नाही, नोटीस द्यावी लागत नाही. किल्ली फिरवली नाही की काम झालं. दुसऱ्यालाही तुम्हाला काढायचा अधिकार कागदावर असेल, पण त्यासाठी त्याला तुमच्या दारापर्यंत चालत यावं लागेल, आणि कुणीही येत नाही.

गेल्या चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, गोष्ट. आमचं मूळ घर सत्तरीत, मोबाईलला रेंज म्हणाल तर कुळागराच्या वरच्या कड्यावर एक काडी. पहिल्या दिवशी दुपारी आरती, जेवण सगळं उरकलं, बाहेर पाऊस, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, आम्ही भावंडं लॅपटॉप घेऊन बसलो. चुलत भावानं आदल्या आठवड्यात सेलमध्ये घेतलेला गेम उघडला. एकट्यानं खेळायचा, इंटरनेटशी काडीचा संबंध नाही. लाँचर उघडला, गोल चक्र फिरू लागलं, मग पाटी आली: एकदा ऑनलाइन येऊन खातं तपासून घ्या. दुकानाचं नाव घेत नाही, त्याचा मुद्दाच नाही. भाऊ छत्री घेऊन कड्यावर गेला, फोनचा हॉटस्पॉट लावला, लॅपटॉप पोटाशी धरून भिजत उभा राहिला, आणि परत आला तर माटोळीतल्या सुपाऱ्या मोजत बसलेल्या काकानं विचारलं, ‘पैसे दिले नव्हतेस काय रे?’

दिले होते. परवाना त्याच्या नावावर शाबूत होता. कुलूप उघडलं नाही एवढंच.

माझ्या पेन ड्राइव्हवर गॉगवरून उतरवलेली एक डॉट एसएच फाईल होती. टर्मिनल उघडलं, फाईलला चालवायची परवानगी दिली, चालवली, चार मिनिटांत आम्ही खेळत होतो. कुणाला हाक मारली नाही. पण म्हणून तो गेम माझ्या मालकीचा झाला का? नाही. मी तो विकू शकत नाही. कायद्यानं बघितलं तर ती फाईल भावाला देऊन येणंही चूक. फाटक नाही म्हणून जमीन आपली होत नाही, हे गॉगच्या भक्तांनी एकदा भिंतीवर लिहून ठेवावं.

आता स्टीमच्या शत्रूंकडे वळतो. स्टीमवरच्या प्रत्येक गेमला कुलूप असतं हे साफ खोटं आहे. कुलूप लावायचं की नाही हे प्रकाशक ठरवतो. कर्बल स्पेस प्रोग्रॅम स्टीमवरून उतरवा, फोल्डर दुसऱ्या डिस्कवर न्या, स्टीम बंद करा, थेट चालवा. चालतो. स्टीमचं स्वतःचं जे डीआरएमचं वेष्टण आहे त्याबद्दल व्हॉल्व्हच्याच कागदपत्रांत लिहिलंय की एकट्यानं ते चोरीवरचा उपाय नव्हे, फाईली सरळ दुसऱ्या संगणकावर उचलून नेणाऱ्याला अडवण्यापुरतं ते आहे. म्हणजे दाराला लावलेली कडी. डेनुवो हे दुसऱ्या कंपनीचं डीआरएम मात्र कडी नव्हे, ते खरं कुलूप. आणि लिनक्सवाल्यांना त्याची वेगळी खोड भोगावी लागते. प्रोटॉनची आवृत्ती बदलून बघितली की डेनुवोला वाटतं हा नवीन संगणक. बऱ्याच आवृत्त्या एका बैठकीत आजमावल्या की दिवसभरासाठी गेम बंद. खेळ नीट चालावा म्हणून जो माणूस खटपट करतोय, त्यालाच चोर समजून बाहेर ठेवायचं. या प्रकाराचा मला इतका राग आहे की डेनुवो दिसलं की मी पुढचं वाचतच नाही, किंमत शंभर रुपये असली तरी.

स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला बाहेरच्या डीआरएमची सूचना असते. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, शिरणारं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) असेल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून तेही सांगावं लागतं. पण स्टीमची स्वतःची कडी त्या चौकटीत दिसत नाही. म्हणून मी घेतल्या घेतल्या परीक्षा करतो: फोल्डरची नक्कल, नेटची वायर काढायची, स्टीम पूर्ण बंद, टर्मिनलवरून थेट चालवायचं. विंडोजचा गेम असेल तर वाइनमधून, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून. दोन तासांची मुदत संपायच्या आत हे उरकतं.

२०२४ च्या शरदात आणखी एक ओरड झाली, ‘स्टीमनं नियम बदलला, आता फक्त परवाना देतात.’ काही बदललं नव्हतं. कॅलिफोर्नियानं कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की परवाना विकत असाल तर तसं स्पष्ट सांगा. स्टीमनं कार्टमध्ये पाटी लावली एवढंच. जे वीस वर्षं करारनाम्यात होतं ते आता बटणाशेजारी आलं. पाटी वाचून ज्यांना धक्का बसला त्यांनी करारनामा कधी वाचला नव्हता. मीही २०१३ साली वाचला नव्हता, ते सोडा.

परवान्याची लढाई कोर्टातही झाली. फ्रान्समध्ये ग्राहक संघटनेनं स्टीमवरचे गेम पुन्हा विकता यावेत म्हणून दावा लावला. २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयानं ग्राहकांच्या बाजूनं निकाल दिला, २०२२ साली अपिलात तो उलटला. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ आहे. कायदेशीरपणे हातात आलेल्या प्रोग्रॅमची, तो नष्ट होऊ नये म्हणून, राखीव प्रत काढायला त्यात मुभा आहे. ऐकायला छान. पण २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५ए घातलं: हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आपल्या कायद्यातही परवाना आणि कुलूप दोन वेगळ्या कलमांत बसलेत. आमचे मित्रच दोन्ही एका ताटात कालवतात.

लिनक्सवाल्यांची स्वतःची एक गफलत आहे, आणि ती बोलल्यावर माझे दोन मित्र माझ्याशी आठवडाभर नीट बोलले नव्हते. व्हॉल्व्हनं लिनक्सवर उपकार केले म्हणून व्हॉल्व्ह ग्राहकाच्या बाजूचं, असं ते धरून चालतात. प्रोटॉनबद्दल मी रोज हात जोडतो. पण प्रोटॉन चालवतं, राखत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात जीटीए ऑनलाइन या गेममध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आलं. बॅटलआय प्रोटॉनवर चालू शकतं, त्यासाठी प्रकाशकानं होकार कळवावा लागतो. तो कळवला गेला नाही, आणि आदल्या दिवसापर्यंत लिनक्सवर ऑनलाइन खेळणारे बाहेर पडले. परवाना जागच्या जागी, कुलूप मात्र रात्रीत बदललं. २०२० साली रॉकेट लीगनं लिनक्सची आवृत्ती बंद केली तेव्हा निदान पैसे परत द्यायची तयारी दाखवली होती.

आणि कुलपापेक्षा वाईट प्रकार म्हणजे घरच भाटकाराच्या अंगणात बांधलेलं असणं. द क्रू हा यूबीसॉफ्टचा गेम २०१४ सालचा. २०२४ च्या मार्चअखेर सर्व्हर बंद झाले, एप्रिलमध्ये लोकांचे परवानेही काढून घेतले गेले. एकट्यानं गाडी पळवायलासुद्धा तो सर्व्हर लागत होता. अशा गेमाला गॉगही वाचवू शकत नाही. २०२१ साली गॉगनं हिटमॅन विकायला ठेवला, पण बरीचशी प्रगती सर्व्हरशी जोडलेली होती. गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केल्यावर महिनाभरात काढून टाकला. द क्रूनंतर यूट्यूबर रॉस स्कॉटनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम काढली, आणि युरोपातल्या तिच्या अर्जावर २०२५ च्या जुलैमध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तिची मागणी मालकीची नाहीच. गेमला पाठबळ देणं थांबवताना कुलूप काढून जा, इतकीच आहे. म्हणून मला ती पटते.

आपल्याकडे काय करता येतं? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल वस्तू स्पष्ट लिहिल्यात. तक्रार तुम्ही राहता तिथे करता येते, विक्रेता कुठेही असो. दक्षिण गोव्यातल्या माणसाला मडगावच्या पुढे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही. आधी १९१५ वर फोन करा. मात्र तिथे जाऊन ‘माझी मालकी हिरावली’ म्हणालात तर समोरचा वकील करारनामा उघडून पहिल्याच पानावर तुम्हाला गप्प करेल. ‘विकताना कुलूप आहे हे सांगितलं नाही’ किंवा ‘विकल्यानंतर कुलूप बदललं आणि माझ्या यंत्रावर चालेनासा झाला’ असं म्हणा. दुकानाची पानं बदलतात, म्हणून पानाचा स्क्रीनशॉट विकत घेतानाच काढून ठेवा. पैसे भरल्याच्या पावतीबरोबर.

माझी खरेदी आता अशी चालते: एकट्यानं खेळायचा गेम दोन्हीकडे असेल तर गॉग, डॉलरचा भुर्दंड सोसून. मित्रांबरोबर खेळायचा असेल तर स्टीम, कारण सर्व्हर आला की कुलूप आलंच आणि प्रोटॉनची सोय तरी हाताशी राहते. डेनुवो असेल तर नाही. इन्स्टॉलर उतरवला नाही तर गॉगवर घेऊनही उपयोग शून्य, हे मात्र अर्धे लोक विसरतात. लायब्ररीत दोनशे गेम आणि डिस्कवर एकही फाईल नाही, असे लोक मला ‘माझ्या मालकीचे’ म्हणून सुनावतात तेव्हा हसू आवरत नाही.

माझ्या दोन डिस्क आहेत, एक फोंड्याला टेबलाच्या खणात, दुसरी सत्तरीच्या घरी काकाच्या कपाटात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, कारण जूनमध्ये तिथे पितळेच्या समयीवरही हिरवं चढतं. भाऊ यंदा चवथीला स्वतःची डिस्क घेऊन येणार आहे. फायली आणायच्या त्या स्वतःच्या खात्यावरून उतरवून, असं त्याला बजावलंय.