स्नोमोबाइलच्या स्की जपायच्या तर: कोणते साहित्य घ्यावे, कसे बसवावे

स्नोमोबाइल म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, आणि स्की म्हणजे तिला पुढे आधार देणारी व वळवणारी लांब पट्टी. ही स्की बर्फावर फारशी झिजत नाही. ती झिजते बर्फ संपतो तिथे: डांबरी रस्ता ओलांडताना, गॅरेजच्या काँक्रीटवर, ट्रेलरवर चढवता-उतरवताना आणि हंगामाच्या शेवटी पातळ थराखालून खडी डोके वर काढते तेव्हा. म्हणून स्कीचे कव्हर मागायला कोणी आले की आम्ही आधी विचारतो, तुमची गाडी बर्फाबाहेर किती चालते? काय घ्यायचे हे बरेचसे त्या उत्तरावर ठरते.

आधी रनर पाहा

स्कीच्या पोटाखाली मधोमध, लांबीच्या दिशेने, एक पोलादी सळई असते. तिच्या खालच्या अंगाला टंगस्टन कार्बाइडचे तुकडे पक्के बसवलेले असतात. हा रनर. तो कडक बर्फात धरून राहतो म्हणून हँडल फिरवले की गाडी वळते, आणि घासणे स्वतःवर घेतो म्हणून स्कीचे प्लॅस्टिक वाचते. झिजण्यासाठीच तो दिलेला असतो, तेव्हा वेळेवर बदलला तरच त्याचा उपयोग.

सळईची जाडी मूळच्या निम्म्यावर आली की रनर बदलावा, मग कार्बाइडची धार अजून दिसत असली तरी. मूळ जाडी किती होती ते कळायला पुढचे टोक पाहा. सळई तिथे वर वळून स्कीत शिरते आणि जमिनीला लागत नाही, त्यामुळे तेवढा भाग जवळजवळ नव्यासारखा राहतो. सळई बारीक झाली की वाकते, तुटते, स्टड (सळईला जोडलेले, स्कीच्या भोकांतून वर येणारे आट्यांचे बोल्ट) उघडे पडतात आणि स्कीची भोके फाटू लागतात. तोवर चालढकल केली तर खर्च रनरचा न राहता अख्ख्या स्कीचा होतो.

कार्बाइड अतिशय कठीण असते, पण तितकेच ठिसूळ. दगडावर आपटले की टवका उडतो. गाडी जागेवर उभी ठेवून काँक्रीटवर हँडल फिरवले तर धार बोथट होते. ही सवय आम्हाला फार दिसते आणि ती मोडली तर रनर नक्कीच जास्त टिकतो.

किती कार्बाइड हवे? लांबी वाढली की पकड वाढते, पण हँडलही जड होते. खोल, भुसभुशीत बर्फात फिरणाऱ्याला लांब कार्बाइडचा फारसा फायदा नाही. तिथे स्कीची रुंदी कामाला येते. दाबून कडक केलेल्या वाटांवर किंवा बर्फाळ पृष्ठभागावर मात्र लांब कार्बाइड हवे. मागच्या ट्रॅकला, म्हणजे गाडी ढकलणाऱ्या रबरी पट्ट्याला, स्टड (इथे पकडीचे खिळे) ठोकलेले असतील तर पुढची पकडही त्या मानाने वाढवा. नाहीतर मागचा जोर पुढच्याला भारी पडतो आणि वळणावर नाक सरळच जाते.

पुढे गेलेल्या गाड्यांच्या चरांत स्की शिरून हँडल इकडे-तिकडे ओढले जात असेल तर दुहेरी रनरने (शेजारी शेजारी दोन सळया असलेल्या) ते बरेच कमी होते. पण घाई नको. स्की समांतर नसल्या तरी हाच त्रास होतो, तेव्हा आधी त्या मोजून घ्या.

कव्हर, चाके आणि घसरपट्ट्या

कव्हर म्हणजे स्कीच्या तळाला बसणारे जाड प्लॅस्टिकचे आवरण. जुन्या लोखंडी स्कीला ते खरोखर उपयोगी पडते: बर्फ कमी चिकटतो, घसरण सुधारते. मात्र त्याच्या जाडीमुळे रनरचे जुने स्टड आखूड पडत नाहीत ना, ते बघा. लॉकनट (हादऱ्यांनी सैल न होणारा नट) पूर्ण बसून वर थोडे आटे दिसलेच पाहिजेत. चांगल्या प्लॅस्टिकच्या स्कीवर कव्हर चढवण्याआधी आम्ही रनर बदलायला सांगू.

वाटेत डांबरी रस्ते वारंवार येत असतील तर स्कीला बसणारी चाके घ्या. बर्फावर परतताना ती उचलायला विसरू नका. ट्रेलरच्या फळीवर आणि गॅरेजच्या जमिनीवर प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्या टाकल्या की कार्बाइड आणि फळी दोन्ही वाचतात. आमच्या मते कमी खर्चात सर्वांत जास्त संरक्षण याच पट्ट्या देतात.

रनर बसवताना

इंजिन बंद, किल्ली बाहेर. गाडीचे नाक उचलून भक्कम स्टँडवर टेकवा; नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. जुन्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबा. नट निघाले की स्टड थेट ठोकू नका. नट टोकापर्यंत सैल फिरवून ठेवा आणि हातोडी त्यावर मारा, म्हणजे आटे चेपत नाहीत.

नवा रनर जुन्याशेजारी ठेवून स्टडची संख्या आणि अंतर जुळवून पाहा. स्कीची खाच साफ करा. तिच्यात खडा राहिला तर सळई नीट टेकत नाही. सगळे नट आधी हाताने लावा, मग पाळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळला की सळई तिरकी बसते. लॉकनट दरवेळी नवे वापरा आणि किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा.

स्की खोलली असेल तर तिच्या सांध्याखालचे रबरही तपासा. ते कुजले किंवा उलटे बसले की स्कीचे टोक खाली झुकते आणि बर्फात रुतते. बसवून झाल्यावर टोक किंचित वर असावे, आणि स्की हाताने वर-खाली हलली पाहिजे.

शेवटी समांतरता. हँडल सरळ धरा, दोन्ही टोकांना एक ताणदार रबरी दोरी बांधून सांध्यांतली ढिलाई काढा. मग दोन रनरमधले अंतर पुढे आणि मागे मोजा. माप रनरपासूनच घ्या. प्लॅस्टिकची कड वाकडी असू शकते. पुढचे अंतर मागच्यापेक्षा पुस्तिकेत दिले असेल तेवढेच जास्त असावे, कमी तर कधीच नको. पहिल्या फेरीनंतर सगळे नट पुन्हा तपासा.

मागणी नोंदवताना गाडीची कंपनी, मॉडेल, वर्ष, जुन्या रनरच्या स्टडची संख्या आणि त्यांतले अंतर कळवा. ट्रॅकला स्टड आहेत का, गाडी कोणत्या बर्फावर चालते आणि वाटेत रस्ते किती येतात हेही लिहा. स्कीचा तळाकडून काढलेला फोटो जोडलात तर आम्हाला नेमका सल्ला देता येतो.