प्रतिज्ञेत देव आला तो १४ जूनला

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेला २०२६ मध्ये अडीचशे वर्षं होतात. त्या निमित्ताने तिकडच्या उजव्या, परंपरावादी भाष्यकारांच्या बोलण्यात देव, देश आणि झेंडा हे तीन शब्द एका दमात ऐकू येतात. हे राष्ट्र मुळातच देवाला साक्षी ठेवून उभं राहिलं आणि मधल्या पिढ्यांनी त्याला देवापासून तोडलं, अशी त्यांची मांडणी असते. दाखला ठरलेला: शाळेत रोज सकाळी म्हटली जाणारी ध्वजाची प्रतिज्ञा, आणि तिच्यातले 'अंडर गॉड' (शब्दशः 'देवाखाली') हे दोन शब्द. या दोन शब्दांचा प्रवास नीट पाहिला, तर ही मांडणी कुठे खरी आहे आणि कुठे सैल, ते कळतं.

माझ्या भाचीचा मुलगा न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत शिकतो. सकाळी वर्गातल्या स्पीकरवरून सूचना येते, मुलं उठतात, उजवा हात छातीवर ठेवतात आणि कोपऱ्यातल्या झेंड्याकडे बघत ती ओळ म्हणतात. त्याने मला म्हणून दाखवली तेव्हा एक गोष्ट कानाला खटकली. 'वन नेशन' म्हटल्यावर तो श्वास घ्यायला थांबला आणि 'अंडर गॉड' त्याने वेगळं म्हटलं, मागाहून जोडल्यासारखं. कायद्यातल्या मजकुरात तिथे स्वल्पविराम नाही. 'राष्ट्र' आणि 'देव' एकमेकांना चिकटूनच राहावेत, अशीच ती रचना आहे. तरी लाखो मुलं तिथे थांबतात. हे दोन शब्द १९५४ मध्ये आले, पण त्याआधीची जुनी लय सत्तर वर्षांनंतरही जिभेवरून गेलेली नाही.

जुनी लय १८९२ सालची. कोलंबसच्या सफरीला चारशे वर्षं झाली म्हणून मुलांच्या एका साप्ताहिकाने ही प्रतिज्ञा छापली. हे साप्ताहिक शाळांना झेंडेही विकत असे. लिहिणारा बाप्टिस्ट पाद्री होता, शिवाय समाजवादी विचारांचा. पाद्री असूनही त्याने प्रतिज्ञेत देव घातला नाही. 'अविभाज्य' हा शब्द मात्र आवर्जून घातला, कारण यादवी युद्ध संपून तीस वर्षंही झाली नव्हती. १९२३ मध्ये 'माझा झेंडा' जाऊन 'अमेरिकेचा झेंडा' आला. परदेशातून आलेल्या मुलाच्या मनात स्वतःच्या जुन्या देशाचा झेंडा असू नये, हे त्यामागचं कारण. हात छातीवर नेण्याची पद्धतही मागाहूनची. आधी तो झेंड्याकडे लांब पसरत. १९४२ च्या डिसेंबरात ते बंद झालं, कारण जर्मनीतली सलामी हुबेहूब तशीच होती.

प्रतिज्ञेवरून पहिला मोठा झगडा झाला, त्यात देव होता, पण उलट्या बाजूने. 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाची माणसं झेंड्याला सलामी म्हणजे मूर्तिपूजा मानतात. पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल या कोळसा खाणींच्या गावात १९३५ साली या पंथातल्या बहीण-भावाने सलामी नाकारली आणि शाळेने त्यांना काढून टाकलं. जून १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. तिकडे फ्रान्स कोसळत होता आणि राष्ट्रीय ऐक्यापुढे दोन मुलांचा विवेक न्यायाधीशांना लहान वाटला. निकालानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यातल्या केनेबंकमध्ये जमावाने त्यांचं प्रार्थनागृह पेटवलं. दोन वर्षांनी तिघा न्यायाधीशांनी आपण चुकलो असं एका निकालपत्रात जाहीर लिहिलं. १४ जून १९४३ रोजी, भर युद्धात, न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात आपलाच निकाल सहा विरुद्ध तीन असा फिरवला. राष्ट्रभक्ती, धर्म किंवा मतं यांत खरं काय, हे कोणताही अधिकारी ठरवून देऊ शकत नाही आणि ते कुणाच्या तोंडून वदवूनही घेऊ शकत नाही, हा त्याचा गाभा. १४ जून हा तिकडचा ध्वजदिन. १७७७ मध्ये याच तारखेला झेंड्याचा ठराव झाला होता.

या निकालाचा आपल्याशीही थेट संबंध आहे. १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेने याच पंथातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल काढून टाकलं. ती मुलं राष्ट्रगीताला अदबीने उभी राहत, फक्त गात नसत. पुढल्या वर्षी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि त्या निकालपत्रात १९४० आणि १९४३ या दोन्ही अमेरिकी निकालांची चर्चा आहे.

आता १९५४. इथे थोडं थांबावं लागेल, कारण दोन्ही बाजू याच वर्षाची गोष्ट अर्धी सांगतात.

'अंडर गॉड' घालण्याची मोहीम सुरू केली ती कॅथलिक पुरुषांच्या एका बंधुसंघटनेने. १९५१ पासून ते आपल्या सभांत हे शब्द म्हणू लागले. १९५३ च्या एप्रिलमध्ये मिशिगनच्या एका प्रतिनिधीने विधेयक आणलं. तोही कॅथलिक, आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा. म्हणजे आज उजव्यांचा मानबिंदू असलेली ही दुरुस्ती डाव्या-उजव्यांच्या भांडणातून आलेलीच नाही. विधेयक मात्र पडून राहिलं. ते हललं ७ फेब्रुवारी १९५४ च्या रविवारी.

व्हाइट हाउसपासून दोन चौकांवर एक प्रेस्बिटेरियन चर्च आहे. लिंकन तिथे प्रार्थनेला जात. लिंकन यांच्या जयंतीजवळच्या रविवारी तिथे राष्ट्राध्यक्षांना बोलावण्याची रीत होती. त्या दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याच बाकावर बसले होते. आदल्याच वर्षी, शपथविधीनंतर थोड्याच दिवसांत त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता. समोरचा पाद्री ग्लासगोहून आलेला स्कॉटिश माणूस. अमेरिकेत येऊन त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. त्याने सांगितलेला मुद्दा साधा होता: शाळेतली प्रतिज्ञा ऐकताना काहीतरी कमी वाटतं. मॉस्कोतलं मूलही कोयता-हातोड्याच्या झेंड्यापुढे हेच शब्द म्हणू शकेल. प्रजासत्ताक आहे, स्वातंत्र्य आणि न्यायही आहे, पण अमेरिकेचं वेगळेपण त्यात नाही. ते वेगळेपण म्हणजे देवावरची श्रद्धा. चर्चचं नाव न घेता देवाचं नाव घेतलं, तर त्यात ज्यू आणि मुसलमानही सामावतील, असं तो म्हणाला. नास्तिक अमेरिकन हा शब्दप्रयोगच त्याला विसंगत वाटत होता. हेच प्रवचन त्याने दोन वर्षांपूर्वी त्याच चर्चमध्ये दिलं होतं आणि तेव्हा काहीच घडलं नव्हतं. या वेळी बाकावर राष्ट्राध्यक्ष होते. दोन-तीन दिवसांत दोन्ही सभागृहांत विधेयकं आली आणि चार महिन्यांत कायदा झाला. सही १४ जूनला. त्याच दिवशी काँग्रेसच्या सदस्यांनी संसद भवनापाशी नवी प्रतिज्ञा म्हणत झेंडा चढवला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, 'इन गॉड वुई ट्रस्ट' (देवावर आमचा भरवसा) हे राष्ट्राचं अधिकृत ब्रीद झालं आणि १९५७ पासून ते डॉलरच्या नोटांवर दिसू लागलं. नाण्यांवर ते १८६४ पासून होतंच.

म्हणजे शब्द संस्थापकांचे नाहीत, शीतयुद्धाचे आहेत. हे नाकारून चालत नाही, आणि जे भाष्यकार आजही '१७७६ चा वारसा' म्हणून ते पुढे करतात ते वाचकाला चुकीचं सांगतात. पण 'कम्युनिस्टांच्या भीतीपोटी घुसडले' एवढ्यावर विषय संपवणारेही अर्धंच सांगतात. पाद्र्याने ते शब्द घेतले लिंकन यांनी १८६३ मध्ये यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर केलेल्या भाषणातून, आणि खरा गुंता तिथे आहे.

गेटिसबर्गच्या वाक्यात 'हे राष्ट्र, अंडर गॉड, स्वातंत्र्याचा नवा जन्म घेईल' असा ओघ आहे. लिंकन यांच्या हातच्या पाच प्रती उपलब्ध आहेत. सर्वांत आधीच्या दोन प्रतींत हे शब्द नाहीत. वार्ताहरांनी त्या दिवशी टिपून घेतलेल्या भाषणात आणि नंतरच्या तीन प्रतींत ते आहेत. बहुधा बोलता बोलता आले असावेत. त्या काळच्या इंग्रजीत त्यांचा अर्थ 'देवाची कृपा असेल तर', 'देवाच्या मर्जीने' असा होई. आपल्याकडे जुन्या पत्रांत 'ईश्वरकृपेकरून' किंवा 'श्रीकृपेकरून' लिहीत, तीच तऱ्हा. मरणाच्या मैदानावर उभा असलेला माणूस म्हणतो की आपण झटू, पुढे देवाची दया. त्यात नम्रता आहे. १९५४ मध्ये तेच शब्द उचलून 'राष्ट्र' या नामाला चिकटवले, आणि अर्थ झाला 'देवाच्या छत्राखालचं राष्ट्र', 'देवाच्या अधीन असलेलं राष्ट्र'. कृपेची आशा गेली आणि तिथे दर्जाचं विधान आलं. एक भविष्याबद्दल बोलतं, दुसरं ओळख सांगतं. मराठीत भाषांतर करायला बसलं की हा फरक लगेच हाती लागतो, कारण दोन्हींसाठी एकच शब्द आपल्याकडे नाहीच. माझ्या मते अमेरिकेतल्या पुढच्या सगळ्या भांडणाची मुळं या व्याकरणाच्या उडीत आहेत.

उजव्यांच्या मनातली सल मात्र १९५४ ची नाही. ती १९६२ आणि १९६३ ची आहे. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने रचलेली बावीस शब्दांची प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवली. मुलांवर ती म्हणायची सक्ती नव्हती, तरीही. वर्षभरात शाळेतलं बायबल-वाचनही आठ विरुद्ध एक मतांनी बंद झालं. हे कालपरवा आलेले प्रकार नव्हते. कित्येक राज्यांत पिढ्यान् पिढ्या शाळेचा दिवस बायबलच्या उताऱ्याने सुरू होत होता. घरच्या धर्माला शाळेच्या दारातून बाहेर काढलं, ही भावना खोटी म्हणता येत नाही. कॅथलिक आणि ज्यू मुलांना तोवर दुसऱ्याच पंथाचं बायबल ऐकावं लागत होतं, हेही तितकंच खरं आहे. प्रार्थना आणि वाचन गेल्यावर देवाचं नाव शाळेत उरलं ते प्रतिज्ञेतल्या दोन शब्दांतच. म्हणून त्यांना एवढं वजन आलं.

१९७९ मध्ये दक्षिणेतल्या एका टीव्ही धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने धार्मिक मतदारांची मोठी संघटना उभी राहिली आणि पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत तिने आपलं बळ दाखवलं. प्रतिज्ञा राजकारणाच्या मधोमध आली ती १९८८ मध्ये. डेमोक्रॅटिक उमेदवार मॅसॅच्युसेट्सचे राज्यपाल होते. शिक्षकांनी रोज वर्गाकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यावी असं विधेयक १९७७ मध्ये त्यांच्यापुढे आलं. त्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला घेतला. १९४३ च्या निकालाकडे बोट दाखवून न्यायालयाने ते घटनेत बसत नाही असं कळवलं, आणि राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. कायद्याच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. पण अकरा वर्षांनी रिपब्लिकन उमेदवाराने न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनातलं भाषण प्रतिज्ञा म्हणून संपवलं, सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या झेंड्यांच्या कारखान्याला भेट दिली, आणि प्रश्न उरला एवढाच: प्रतिज्ञेला नाही म्हणणारा माणूस हवा का? त्याच सप्टेंबरपासून प्रतिनिधिगृहात कामकाजाआधी प्रतिज्ञा म्हटली जाऊ लागली. सिनेटने ती १९९९ मध्ये सुरू केली.

आणखी एक बदल याच सुमाराचा. वादग्रस्त विषयात दोन्ही बाजू ऐकवण्याचं जे बंधन रेडिओवर १९४९ पासून होतं, ते ऑगस्ट १९८७ मध्ये उठलं. पुढच्याच उन्हाळ्यात देशभर ऐकू जाणारी उजवी चर्चा सुरू झाली. देव-देश-झेंडा या त्रयीला रोजचं व्यासपीठ मिळालं, आणि १९९६ पासून टीव्हीवरही.

२६ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी 'अंडर गॉड' सरकारी शाळेत घटनाबाह्य ठरवलं. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. त्याच दिवशी सिनेटने ९९ विरुद्ध ० मतांनी निषेध केला. खटला एका नास्तिक बापाने आपल्या मुलीसाठी लावला होता. मुलीची आई ख्रिस्ती होती आणि तिची काही हरकत नव्हती. १४ जून २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल उलटवला, पण ताबा आईकडे असल्यामुळे बापाला दावा करण्याचा अधिकारच नाही, या मुद्द्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला. तीन न्यायाधीशांनी मात्र स्वतंत्रपणे शब्दांची बाजू घेतली. एकीच्या मते हे शब्द आता प्रार्थना नाहीत, तो समारंभाचा भाग आहे. श्रद्धावंतांची कोंडी इथे आहे. न्यायालयात शब्द वाचवायचे तर त्यांतली श्रद्धा जुनी, झिजलेली, केवळ औपचारिक असल्याचं म्हणावं लागतं. बाहेर येऊन तीच श्रद्धा राष्ट्राचा प्राण आहे असं सांगावं लागतं.

त्यानंतरचे खटले भराभर निकालात निघाले. २००७ मध्ये टेक्ससने आपल्या राज्यध्वजाच्या प्रतिज्ञेतही हे दोन शब्द घातले आणि न्यायालयांत ते टिकले. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्याच अपील न्यायालयाने राष्ट्रीय प्रतिज्ञा वैध ठरवली. २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयानेही, १९७७ मध्ये सल्ला देणाऱ्या त्याच न्यायालयाने, ती राहू दिली. कारण साधं होतं: म्हणायचं नसेल त्या मुलाला गप्प राहता येतं.

गप्प राहण्याचा हा हक्क यहोवाच्या साक्षीदारांच्या मुलांनी मिळवून दिला, आणि आज तो धार्मिक परंपरावाद्यांच्याच कामी येतो आहे. कोलोरॅडोतल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या ख्रिस्ती बाईला समलिंगी जोडप्यांच्या लग्नासाठी काम करायचं नव्हतं. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. मनात नाही ते राज्य कुणाकडून वदवून घेऊ शकत नाही, हे सांगताना बहुमताच्या निकालपत्राने आधार घेतला तो १९४३ च्या वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्याचा.